सिस्टर, घराला १० पैकी ८ मिळाले!

सिस्टर,

अख्खी बिल्डिंग तुम्हाला याच नावाने हाक मारते म्हणून मीही तेच लिहितोय. निघताना नीट बोलणं झालंच नाही, खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तुम्ही दारात उभ्या होतात आणि मी नुसतं "येतो हं" म्हणून जिना उतरलो. नंतर फार चुटपुट लागली. म्हणून आता सगळ्यांसमोर थँक्यू म्हणतोय, कारण माझ्यासारखे घोळ घालणारे खूप असतात आणि सगळ्यांच्याच खालच्या मजल्यावर तुम्ही नसता.

मालकाने घर रिकामं करा म्हटल्यापासून आम्ही ११ घरं पाहिली होती. रोज रात्री तीच चर्चा, सकाळी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी फायदे-तोट्यांची यादी केली आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवायला आणली, वर ज्ञान पण पाजळलं की अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये त्याच्या शास्त्रज्ञ मित्राला, जोसेफ प्रिस्टलीला, पत्रात हेच सांगितलं होतं, कागदाच्या मधोमध रेघ मारायची, तीन-चार दिवस सुचतील तशी दोन्हीकडची कारणं लिहायची आणि मग सारख्या वजनाची खोडत जायचं. तुम्ही चष्मा लावून यादी वाचलीत आणि म्हणालात, "यात बाल्कनी किती वेळा लिहिलीयस?" तीन वेळा! एकदा बाल्कनी, एकदा सकाळचं ऊन, एकदा झाडं लावता येतील. जे घर आधीच मनात भरलं होतं त्याचीच वकिली करत होतो, दुसरं काही नाही. (फ्रँकलिनची पद्धत वाईट नाही हो, खोडायचं काम मी केलंच नव्हतं.)

"तीन-चार दिवस कुठले, आम्हाला एक मिनिट मिळायचं," असं म्हणून तुम्ही मग लेबर रूममधलं सांगितलंत. अपगार स्कोअर, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाला देतात ते मार्क, हा शब्द मी ऐकला होता पण तो एका बाईंच्या नावावरून आलाय हे माहीत नव्हतं, मला वाटायचं कशाचा तरी शॉर्टफॉर्म असेल. डॉ. व्हर्जिनिया अपगार, भूल देणाऱ्या डॉक्टर, १९५२ मध्ये त्यांनी हे काढलं. बाळाच्या पाचच गोष्टी बघायच्या, हृदयाचे ठोके, श्वास, हातापायातला जोर, डिवचल्यावर रडतं का, आणि रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २. एका मिनिटाला एकदा आणि पाचव्या मिनिटाला परत. आणि कशाला किती हे आधीच ठरलेलं, म्हणजे ठोके १०० च्या वर असले तर २, खाली असले तर १, नसलेच तर ०. तिथे "मला वाटतं बरं आहे" चालत नाही.

मग तुम्ही माझ्याच वहीच्या मागच्या पानावर पाच शब्द लिहिलेत. पाणी, ऑफिसला जायचा वेळ, उजेड, आवाज, भाडं. २ कधी, १ कधी, ० कधी हे माझ्याकडूनच वदवून घेतलंत, आणि दम दिलात की मार्क घर बघून खाली उतरताना जिन्यातच द्यायचे, घरी येऊन नाही, आणि पाचही होईपर्यंत बेरीज करायची नाही. बाल्कनीवाल्या घराला ५ मिळाले. पाण्याला चक्क शून्य! महिनाभर ज्याच्यासाठी भांडत होतो ते घर दोन मिनिटात डोक्यातून गेलं.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुमच्या एका सहज बोललेल्या वाक्याचा. पहिल्या मिनिटाला १० पैकी १० मार्क मिळवणारी बाळं क्वचितच असतात, हातपाय थोडे निळसर असतातच, रंगाचा एक मार्क जातोच, आणि ७ किंवा त्याच्या वर असलं की आम्ही निश्चिंत. मी १० वालं घर शोधत होतो हो! ११ घरं त्यातच गेली.

बाय द वे, नंतर वाचनात आलं की डॅनियल काहनेमन, २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले, त्यांनीही तरुणपणी इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखतींसाठी असंच काहीसं बसवलं होतं, एकेका गुणाला वेगळे मार्क द्यायचे आणि मनाचा कौल सगळ्यात शेवटी घ्यायचा, डोळे मिटून. तो शेवटचा कौलही कामाचा निघाला म्हणे. तुम्हीही मला शेवटी हेच विचारलं होतंत ना, "आता डोळे मीट आणि सांग, पहिल्या रात्री कुठे झोप लागेल?" तुम्ही त्यांना वाचलं नसणार, ड्युट्या करून करून तुम्हाला ते आपोआप कळलं असणार.

आता इथलं सांगतो. हे घर ८ वर घेतलं, वेळेचा एक आणि भाड्याचा एक मार्क गेला होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी परत मार्क दिले. घर बघायला आलो होतो रविवारी, आणि मागे शाळा आहे, सकाळी सातला जी काही प्रार्थना सुरू होते स्पीकरवर! आवाजाचे २ चे १ केलेत. म्हणजे ७. निश्चिंत राहू ना सिस्टर?

वही अजून तीच वापरतोय. तुमचं पेन माझ्याकडेच राहिलंय, आलो की देतो.