माऊस माझ्याच हातात राहू देणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिले असते तर ते वाचून तुम्ही घडी घालून खणात ठेवले असते आणि "अगं, त्यात काय एवढं" म्हणून मला कुठल्यातरी केबलबद्दल विचारले असते. म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे. दुसरे कारण असे की, डिजिटल माध्यमनिर्मितीच्या पहिल्या वर्षाचे प्रकल्प सादर करताना त्यांच्यासोबत जे चिंतनपर टिपण जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात वापरलेली उपकरणे, सॉफ्टवेअर, आलेल्या अडचणी आणि मिळवलेली कौशल्ये या सगळ्यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत, परंतु हे सारे कोणामुळे निभावले हे लिहायला जागा नाही. तुमचे नाव मात्र लिहीत नाही. श्रेयनामावलीतसुद्धा ते घालू नकोस, असे तुम्ही बजावले होते आणि तेवढे एक मी ऐकले आहे.

वर्षभरात आम्ही छायाचित्रांची मालिका केली, केवळ आवाजातून सांगितलेली एक गोष्ट केली, एक लघु माहितीपट केला आणि शेवटी तो माहितीपट सामावणारे एक वेबपान तयार केले. वर्गात जे शिकवले गेले ते चांगलेच होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. एकाच निर्विकार चेहऱ्यानंतर वेगवेगळी दृश्ये जोडली की प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसू लागतात, हा लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग आम्हाला इतका रंगवून सांगितला गेला की घरी जाऊन प्रत्येकाने तो करून पाहिला. परंतु दोन दृश्ये जोडण्यासाठी आधी ती नीट कुठे ठेवायची, फाइलला काय नाव द्यायचे, हार्ड डिस्क बंद पडली तर दुसरी प्रत कोठे असायला हवी, हे कोणत्याही तासाला कोणीही सांगितले नाही. ते लॅबमधली उपकरणे देण्याघेण्याच्या तुमच्या काउंटरवर, नोंदवहीत सही करता करता कळत गेले.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझा माहितीपट हाताने पुस्तके बांधणाऱ्या एका वयस्क गृहस्थांवर होता. ते काम करता करता बोलतात, आणि बोलता बोलता पुस्तकाच्या पाठीवर हातोडीने हलके ठोके देतात; त्या ठोक्यांच्या लयीवरच संपूर्ण माहितीपट उभा करायचा, असे मी ठरवले होते. चित्रण फोनवर केले होते आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॅमेरे मिळत नाहीत. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर, म्हणजे चित्र आणि आवाज यांच्या पट्ट्या जेथे एकाखाली एक मांडतात तेथे, दोन्ही जुळवले तेव्हा सुरुवात अचूक होती. मुलाखत जसजशी पुढे सरकत गेली तसतसे ओठ आणि शब्द यांची फारकत होत गेली, आणि अखेरच्या भागात तर हातोडी हवेतच असताना ठोका ऐकू येऊ लागला.

ही अडचण घेऊन मी सर्वांत आधी तुमच्याकडे आले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मार्गदर्शनाच्या तासाला ज्यांच्यापुढे ती मांडली, त्यांनी पडद्याकडे न पाहताच "आशयावर लक्ष द्या, तांत्रिक बाबी तुमच्या तुम्ही बघून घ्या" असे सांगितले. ज्या माहितीपटाचा आशयच हातोडीचा ठोका हा आहे, त्यात तांत्रिक बाब कोठे संपते आणि आशय कोठे सुरू होतो, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. वरच्या वर्गातील एक जण मदतीला आला, तो खुर्चीत बसला, माझ्या हातातला माऊस त्याने घेतला, क्लिप दोन-तीन ठिकाणी कापली, सरकवली आणि "झालं, आता जुळतंय" म्हणून उठून गेला. जेथे त्याने कापले होते तेथे ते खरोखरच जुळत होते. तेथून थोडे पुढे गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याच्यानंतर आलेल्या दुसऱ्यानेही तसेच केले, फक्त जाताना "फोनवर शूट केलं की असंच होणार" हे वाक्य जास्तीचे ऐकवले. जणू फोन मी हौसेने निवडला होता! या साऱ्या उपकारांनंतर टाइमलाइनची अवस्था अशी झाली होती की कोणता तुकडा मूळचा आणि कोणता सरकवलेला हेही मला सांगता येईना.

त्या संध्याकाळी लॅब बंद करायला आलेल्या तुम्ही माझ्या शेजारी स्टूल ओढून बसलात. एव्हाना मला सवयच झाली होती. कोणी मदतीला आले की माझा हात आपोआप माऊसवरून निघत असे. तसाच तो निघाला आणि मी माऊस तुमच्या बाजूला सरकवला. तुम्ही तो एका बोटाने परत माझ्याकडे ढकललात. "राहू दे तुझ्याकडेच," तुम्ही म्हणालात, "मला फक्त दाखव, कुठे खटकतंय." आणि मग हातांची घडी घालून बसून राहिलात.

ताई, बाकी सगळे विसरेन, पण ते एका बोटाने परत ढकलणे विसरणार नाही. तुम्हाला उत्तर तेव्हाच ठाऊक होते. मी अडखळत होते, चुकीच्या ठिकाणी जात होते, योग्य जागा सापडली तरी ती ओलांडून पुढे जात होते, आणि तुमच्या हाताला ते काम क्षणात करता आले असते. शिवाय लॅब बंद करण्याची वेळ टळून गेली होती. तरीही तुमचा हात घडीतून सुटला नाही. कोणी हात धरून अक्षर गिरवून घेतले म्हणजे ते अक्षर आपले होत नाही, हे जे लहानपणी कळायला हवे ते शिकवणाऱ्यांपैकी कित्येकांना अजूनही कळलेले नसते, कारण चटकन करून देण्यात जे कौतुक मिळते ते थांबून राहण्यात मिळत नाही.

तुम्ही फक्त विचारत गेलात. "पहिला ठोका बघ. आता मधला एक बघ. आता शेवटचा. फरक सगळीकडे सारखा आहे का?" तो सारखा नव्हता, वाढत जात होता, आणि हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिले त्याच क्षणी माझ्या लक्षात आले की क्लिप सरकवून काहीही साधणार नव्हते. आरंभच चुकला असता तर फरक शेवटपर्यंत तेवढाच राहिला असता. जो फरक वाढत जातो तो वेगातला असतो. त्यानंतर तुम्ही सांगितलेत की अनेक फोन उजेड कमी झाला किंवा प्रोसेसरवर ताण आला की सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, टिपायच्या हे आपल्या सोयीने कमी-जास्त करतात, रेकॉर्डर मात्र आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने एकाच चालीने घेत राहतो, आणि आपले संकलनाचे सॉफ्टवेअर बिचारे सगळ्या फ्रेम एकसारख्या अंतरावर आहेत असे धरून चालते. पुढे जे करायचे होते, म्हणजे चित्रणाला आधी एकाच ठरावीक फ्रेमदरात बदलून घेणे, ते फार थोडे होते आणि ते येथे सांगत बसत नाही. तेही मीच केले. ठोका हातोडीला येऊन भिडला तेव्हा तुम्ही "हं" एवढेच म्हणालात आणि किल्ल्या उचलल्यात.

या एका प्रसंगामुळे मला वाचनाची जी ओढ लागली तिची नोंद टिपणात करता आली नाही, म्हणून येथे करते. मला प्रश्न पडला होता की ठोका थोडा उशिरा आला असता तर तो इतका खटकला नसता, मग आधी आलेला का खटकतो? सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची होते, आणि आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या अवधीत तो चौदाएक मीटर कापतो. दूरवर ठोकणाऱ्या माणसाचा आवाज त्याच्या हातामागून येणे ही आपल्या कानांची रोजचीच सवय आहे. हाताच्या आधी आवाज मात्र निसर्गात कधीच पोहोचत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 सालच्या शिफारशीतही हेच आकड्यांत दिसते: आवाज सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी पाहणाऱ्याच्या लक्षात येतो, मागे राहिला तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत निभावून जातो. हे तुम्ही मला सांगितलेले नाही, मी शोधून काढले. परंतु माऊस त्या दिवशी पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेला असता तर असे काही शोधावेसेही मला वाटले नसते.

तुमच्या इतर सूचनाही आठवतात. बोलणारा थांबला की लगेच रेकॉर्डर बंद करू नकोस, खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपून ठेव, असे तुम्ही ध्वनिकथेच्या वेळी म्हणाला होता, आणि मला ते तेव्हा विचित्र वाटले होते. शांततेलाही प्रत्येक खोलीत वेगळा आवाज असतो हे दोन वाक्यांमधली रिकामी जागा भरताना कळले. वेबपानावर मी फिकट पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरे ठेवली होती, ती तुम्ही डोळे बारीक करून वाचलीत. काही बोलला नाहीत. मी नंतर मापून पाहिले तर मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, दृष्टी अधू असलेल्यांनाही पान वाचता यावे यासाठीच्या सुलभतेच्या प्रचलित निकषाला हवा असलेल्या 4.5 : 1 या प्रमाणाच्या खालीच होता, आणि मी अक्षरे गडद केली. सबटायटल लिहून झाली तेव्हा तुम्ही विचारलेत, "ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना ठोका कसा कळणार?" माहितीपट ज्या आवाजावर उभा होता तोच मी लिहिलेला नव्हता! आता तो 'हातोडीचा ठोका' म्हणून प्रत्येक ठिकाणी लिहिलेला आहे.

सादरीकरणाच्या दिवशी "आवाज आणि दृश्य यांची जुळणी विशेष उल्लेखनीय" असा शेरा मला मिळाला. तो ज्यांनी दिला, त्यांनीच तांत्रिक बाबी आपापल्या बघून घ्यायला सांगितल्या होत्या. मी अदबीने आभार मानले. त्यांच्याबद्दल मनात राग उरलेला नाही असे लिहिणे शोभून दिसेल, पण ते खरे होणार नाही, थोडा आहे. पंचवीस-तीस जणांचे प्रकल्प एकट्याने पाहणे सोपे नसते हे मान्य, तरी पडद्याकडे एकदा मान वळवायला कितीसा वेळ लागतो?

तुमचे पद मदत करण्याचे नाही. उपकरणे देणे, परत घेणे, नोंद ठेवणे आणि कुलूप लावणे एवढेच तुमच्या कामात येते, आणि त्यापलीकडे तुम्ही जे करता त्याची कोणत्याही कागदावर दखल घेतली जात नाही. असे लोक जवळपास प्रत्येक संस्थेत असतात आणि संस्था चालते ती बऱ्याचदा त्यांच्यावर. त्यांच्यात एक गोष्ट सारखी आढळते: विचारणाऱ्याला ते लहान वाटू देत नाहीत. "एवढंही माहीत नाही का" हा प्रश्न मी तुमच्या तोंडून कोणाबद्दलही ऐकलेला नाही. उलट एकदा मी रंगसंगतीबद्दल काही विचारले तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, "हे मला येत नाही, उद्या बघून सांगते," आणि दुसऱ्या दिवशी मी विसरले होते, तुम्ही विसरला नव्हतात. ज्ञान असणारी माणसे मला या वर्षात पुष्कळ भेटली. 'येत नाही' हे इतक्या सहजपणे म्हणणारी आणि वर दिलेला शब्द पाळणारी व्यक्ती भेटली ती काउंटरच्या पलीकडे.

त्या गृहस्थांना मी माहितीपट दाखवला, हेही कळवायचे होते. त्यांनी संकलनाबद्दल किंवा प्रकाशाबद्दल काहीच म्हटले नाही. एका ठिकाणी मात्र थांबवायला सांगून ते म्हणाले की हा ठोका जरा जोराचा पडला होता, तेव्हा कागद दबला होता. आवाजावरून त्यांनी ते ओळखले.

शेवटी एक विनंती. पुढच्या वर्षी येणारी मुलेही फोनवरच चित्रण करणार आहेत आणि त्यांच्याही ओठांचे नि शब्दांचे भांडण होणारच आहे. काउंटरजवळच्या फलकावर 'हेडफोन वेळेवर परत करावेत' या सूचनेखाली जागा रिकामी आहे. चित्रणापूर्वी फोनचा फ्रेमदर ठरावीक ठेवता येतो का ते पाहावे, जुळणी तपासता यावी म्हणून सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवावी आणि मूळ फाइलची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय काहीही कापू नये, एवढा मजकूर मी तेथे लावू इच्छिते. तुम्ही हो म्हणालात तर सोमवारी लिहून आणते. टाचण्या मात्र तुमच्याकडच्या लागतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी