काळ्या पावाचे शहर

सेंट पीटर्सबर्ग,
दि. ९ जून

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्रीचे साडेदहा वाजून गेले आहेत, तरी मी खिडकीशी बसून दिवा न लावता हे पत्र लिहीत आहे, कारण या दिवसांत येथे सूर्य मावळला तरी उजेड जात नाही. हर्मिटेजमधील दालने आणि नेवा नदीवरचे पूल तुझ्या आईने फोटोंतून पाठवले आहेतच, म्हणून त्यांविषयी लिहीत नाही. तू कृषी महाविद्यालयात बियाण्यांचा अभ्यास करतेस, तेव्हा आजचा दिवस तुला नीट कळायला हवा असे मला वाटते.

आमच्या गाईडबाई याच शहरात जन्मल्या, वाढल्या. साठी उलटली आहे आणि येथील विद्यापीठात शिकलेली त्यांची हिंदी आपल्यापेक्षा शुद्ध आहे. त्यांनी आम्हांला सकाळी प्रथम कुज्नेच्नी बाजारात नेले. तेथे खारवलेला कोबी, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या आणि तऱ्हेतऱ्हेचे मध मांडलेले असतात आणि विक्रेते चव घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. बाई मात्र आम्हांला पावाच्या दुकानाशी घेऊन गेल्या. या शहरातले जुने लोक पांढऱ्या पावाला ‘बुल्का’ म्हणतात. ‘ख्लेब’, म्हणजे खरा पाव, तो राय नावाच्या धान्याचा, काळसर आणि आंबूस. त्यातला बोरोदिन्स्की पाव हातात घेताच आई म्हणाली, “अहो, हे तर आपले धने!” आणि खरोखरच त्याच्या पाठीवर अख्खे धने लावलेले होते. सोबत क्वास प्यायलो. तो रायच्या पावापासून आंबवून करतात आणि त्याची आंबट चव जिभेवर येताच मला आजीच्या हातची अंबील आठवली. दुपारी बल्शाया कन्यूशेन्नाया रस्त्यावर १९५८ पासून चालू असलेल्या दुकानात पिठीसाखर भुरभुरलेल्या गरम पिश्की, म्हणजे येथले तळलेले डोनट, खाल्ल्या. त्या तुला फार आवडल्या असत्या.

बाजारातली एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. आईच्या बशीत अर्धा तुकडा पाव उरला होता. बाईंनी काही न बोलता तो कागदी रुमालात गुंडाळला आणि आपल्या पिशवीत ठेवला. आम्हांला संकोच वाटला, पण कारण विचारण्याचे धाडस झाले नाही.

ते कारण नेव्स्की रस्त्यावर कळले. तेथे १४ क्रमांकाच्या घराच्या भिंतीवर एक निळी पाटी आहे. तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची आहे, असा इशारा तिच्यावर लिहिलेला आहे. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस, हे शहर जर्मन सैन्याच्या वेढ्यात होते. त्या वेळी त्याचे नाव लेनिनग्राड होते. पहिल्या हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या कडाक्यात, मुलांना आणि काम न करणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे आणि त्यातही पेंड व लाकडाचा लगदा मिसळलेला असे. बाईंच्या आई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. पुढे आयुष्यभर त्या जेवण झाल्यावर टेबलावरचे कण बोटाने टिपून खात आणि मुलांनाही तसेच करायला लावत.

मग आम्ही सेंट आयझॅक चौकात गेलो. १९४२ साली भुकेवर उपाय म्हणून या चौकात, भव्य चर्चसमोर, कोबी लावला होता. याच चौकात निकोलाय वाविलोव यांनी उभारलेली वनस्पतिसंशोधन संस्था आहे. तुझ्या पुस्तकांत पिकांच्या उगमकेंद्रांच्या संदर्भात त्यांचे नाव तू वाचले असशीलच. वेढ्याच्या काळात जगभरातून आणलेले तांदूळ, गहू, शेंगदाणे, कडधान्ये या इमारतीत पाकिटांतून ठेवलेली होती आणि ती जपणारी माणसे उपाशी होती. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव यांना मरण आले तेव्हा त्यांच्याभोवती तांदळाची हजारो पाकिटे शाबूत होती. खुद्द वाविलोव यांना त्यांच्याच सरकारने १९४० मध्ये अटक केली होती. १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. हे सांगताना बाईंचा आवाज जड झाला. मी त्या इमारतीच्या दगडी भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिलो, कारण एक मूठ भात शिजवला असता तर तो माणूस कदाचित आणखी काही दिवस जगला असता, हा विचार माझ्या मनातून जाईना.

शेवटी पिस्कार्योव्स्कोये स्मशानभूमीत गेलो. तेथे लांबच लांब हिरवे चौथरे आहेत, त्यांच्यावर नावे नाहीत, फक्त वर्ष कोरलेले आहे. ‘१९४२’ लिहिलेल्या एका दगडापाशी बाईंनी पिशवीतला तो रुमाल उलगडला आणि आईच्या बशीतला पावाचा तुकडा तेथे ठेवला. शेजारी आणखी कोणी पाव आणि गोळ्या ठेवून गेले होते.

आता तुला एक काम सांगतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आजीने राखेत घोळून ठेवलेली गावरान ज्वारी आहे. मागच्या वर्षी ती पेरायची राहिली. पाऊस लागण्यापूर्वी तिला दोन ऊन दे, कडुनिंबाचा पाला घालून डबा पुन्हा बंद कर आणि त्यातले शंभर दाणे ओल्या फडक्यात घालून किती उगवतात ते मला कळव.

तुझे,
बाबा