सोरायसिस आणि बंदीच्या याद्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोरायसिस हा त्वचेचा आजार केवळ आहाराने मुळासकट बरा होतो, असे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आमच्या ह्यांना हा आजार कित्येक वर्षांपासून आहे आणि त्यांचे पथ्यपाणी मीच सांभाळते, म्हणून राहवले नाही. लेखातली बंदीची यादी लांबलचक आहे: दूध, दही, टोमॅटो, वांगी, तूरडाळ, गहू, आंबट, खारट. थोड्याफार फरकाने हीच यादी इंदूरच्या मराठी घरांतून व्हॉट्सॲपवर फिरते. हळदीकुंकवाला गेले तरी कुणीतरी ती तोंडपाठ म्हणून दाखवतेच. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण या याद्यांनी रुग्णाचे हाल होतात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेच्या मागे लागते. एरवी साधारण महिनाभरात बदलणारी कातडी तीन ते पाच दिवसांत वर ढकलली जाते. म्हणून ते लाल चट्टे आणि त्यांवरचे रुपेरी खवले, बहुधा कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात, कमरेवर. पंगतीत शेजारचे पान टाळणाऱ्यांना मुद्दाम सांगते, तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा टॉवेल वापरल्याने कुणाला होत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव करून त्याला गंभीर असंसर्गजन्य आजार म्हटले आहे. असा आजार वांगे सोडल्याने जात नाही.

ह्यांनाही एका गृहस्थांनी अशीच यादी लिहून दिली होती. जेवण ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण आणि दुधी यांवर आले. भूक भागेना, मग रात्री शेव-परमलचा (शेव-मुरमुऱ्यांचा) डबा उघडायचा. वजन जागचे हलले नाही, चट्टे होते तसेच राहिले, अशक्तपणा मात्र आला. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन उतरलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा, आणि दुसरा, दारू-सिगारेट आहे का.

आहाराबाबत सर्वांत पक्का पुरावा वजनाचाच आहे. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ साली आहाराविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी उष्मांक कमी करून ते उतरवावे, ही त्यांतली ठाम शिफारस. पोटावरची चरबी नुसती साठून राहत नाही, दाह वाढवणारी रसायने ती रक्तात सोडत राहते, आणि सोरायसिसमध्ये वाढलेली रसायनेही त्याच जातीची असतात.

मग आमच्या घरात काय बदलले? महिन्याचे तेल मी मोजून एका बरणीत काढून ठेवते. ती संपली की महिना उकडीचे आणि भाजलेले खाऊन निभवायचा. पोहे सोडवले नाहीत. इंदुरात राहून ते जमणारही नाही. पोह्यांत मटार नि गाजर भरपूर, शेव मूठभराऐवजी चमचाभर, वरून भुरभुरायचा जिरावन मसाला पूर्वीसारखाच, आणि जिलबी फक्त सणाला. बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवून न काढता वर चमचाभर तूप घालते. रात्रीचे जेवण आठच्या आत, त्यामुळे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची वारी आपोआप कमी झाली. सर्वांत कठीण जाते ती थंडी. चट्टे वाढतात ते याच दिवसांत, आणि गरमागरम तळलेले गराडू हे कंदही नेमके तेव्हाच. उपवासाचेही तसेच. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाणे, वर बटाट्याचा कीस; एकादशीच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्तच पोटात जाते. आता उपवासाला भगर आणि ताक.

वजन हळूहळू उतरले तसा औषधाचा गुणही चांगला दिसू लागला. चट्टे पूर्ण गेले नाहीत. पातळ झाले, खाज कमी झाली, रात्री झोप लागू लागली, आणि यंदा मे महिन्यात ह्यांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. आमच्या दृष्टीने हे फार मोठे आहे.

गव्हाबद्दल वेगळे लिहायलाच हवे, कारण माळव्यात गहू बंद म्हणजे निम्मे ताट रिकामे. वरच्या शिफारशींनुसार ग्लुटेन (गव्हातले एक प्रथिन) बंद करायचे ते फक्त रक्ततपासणीत ग्लुटेनची संवेदनशीलता आढळली तर. ही तपासणी गहू खाणे चालू असतानाच करायची असते. आधी पोळी सोडली आणि मग रक्त दिले, तर दोष असूनही तो अहवालात न दिसण्याची शक्यता असते. आपल्या लेखात याचा उल्लेख हवा होता.

सर्वांत जास्त काळजी वाटली ती औषधे हळूहळू सोडा, या वाक्याची. पोटातून घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवले तर आजार उसळून सर्वांगावर पसरू शकतो. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचे औषध घेणाऱ्यांना ती गोळी बहुधा आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी असते, यकृताच्या तपासण्या चालू असतात आणि दारू वर्ज्य असते. त्यात लेखात सुचवलेला गुळवेलीचा काढा! २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला, वाद आहे हे मान्य. तरी डॉक्टरांना न सांगता तो काढा घ्यावा, असे निदान वर्तमानपत्राने सुचवू नये. शिवाय सोरायसिसच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना सांध्यांचाही त्रास होतो. सकाळी बोटे आखडतात, नखांवर बारीक खड्डे पडतात. अशा वेळी पथ्याच्या भरवशावर महिने काढले, तर सांध्याची झालेली झीज परत भरून येत नाही.

आपल्याला विनंती आहे. २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन, बहुतेकदा दिवाळीच्या आगेमागेच येतो. त्याआधीच्या रविवारी पुरवणीत पानभर जागा द्यावी. येथील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञ आणि एखाद्या आहारतज्ज्ञाकडून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे मिळवावीत, आणि औषध सोडण्याबद्दलच्या त्या वाक्याची दुरुस्तीही त्याच पानावर ठळक छापावी. फराळाचे तेल कढईत पडण्याआधी ते पान घरोघरी पोहोचले तर फार उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर