बांधकाकांचे कागद

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "बांधकाका एवढे हाडाचे इंजिनियर, आणि सुट्टीचा दिवस आला की मेलेल्या माणसांच्या मागे का गं लागायचे?" कुकरच्या शिट्ट्या आणि तुझी ट्रेन यांच्यामध्ये ते सांगून झालं नसतं, म्हणून लिहितेय. माझ्या ऑफिसातले, समुद्राचे बांध सांभाळणारे हे काका मूळचे अकेडियन, आणि ती मेलेली माणसं म्हणजे त्यांच्या लोकांच्या वंशावळी.

काका गेले, तेव्हा त्यांच्या प्रार्थनासभेला मी आणि बाबा गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर चर्चच्या खालच्या हॉलमध्ये चहापाणी होतं. तिथं दोन म्हाताऱ्या आपण एकमेकींच्या कोण लागतो यावर हमरीतुमरीवर आल्या होत्या. एरवी काका मध्ये पडले असते आणि दोघींना सात पिढ्या मागे नेऊन गप्प बसवलं असतं. मला हसूही आलं आणि रडूही.

मी ऑफिसात नवी होते तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा इथल्या, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या ग्राँ-प्रेच्या बांधांवर नेलं. फंडीच्या उपसागराची भरती जगात सगळ्यांत मोठी, काही ठिकाणी पाणी सोळा मीटर चढतं. गमबूट घालून आम्ही बांधाखाली उतरलो. त्यांनी चिखल बाजूला करून दाखवलं: बांधाच्या पोटातून गेलेला नळ आणि त्यात वरून बिजागरीवर टांगलेली झडप. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबानं झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणूस नको, किल्ली नको. मी मराठीतच ओरडले, "अगं बाई, ही तर उघाडी!" पेणच्या खारेपाटात तुझ्या पणजोबांच्या शेताला अशीच होती. मग त्यांना आमचे बाहेरकाठे म्हणजे खाडीच्या बाजूचे बांध, उधाणाला फुटणारे बांध, खाऱ्या जमिनीतला भात, सगळं सांगत बसले. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी परकी राहिले नाही.

त्यांच्याकडे हे बांध सतराव्या शतकात आले. फ्रान्सहून आलेल्या अकेडियन लोकांनी जंगल तोडण्यापेक्षा समुद्राकडूनच जमीन काढून घेतली. ओंडका पोखरून त्यात झडप बसवायची, वर गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या चिखलाच्या लाद्या रचायच्या, आणि दोन-तीन वर्षं पावसा-बर्फानं खार धुऊन निघाला की गहू पेरायचा. काका सरकारी पगारावर जे बांध सांभाळत होते, त्यांतल्या काहींची पहिली आखणी त्यांच्याच खापरपणजोबांच्या खापरपणजोबांनी केली असणार. "असणार" हा शब्द माझा हं. काकांनी तो चालवून घेतला नसता. कागद कुठाय, म्हणून विचारलं असतं.

आणि कागदांचीच तर दैना झाली होती. १७१३ च्या तहानं हा मुलूख फ्रान्सकडून इंग्रजांकडे गेला. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्या, असा तगादा सुरू झाला. अकेडियन म्हणत, आम्ही तटस्थ राहतो, कुणाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही. ५ सप्टेंबर १७५५ ला ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये ४१८ पुरुष आणि मुलगे बोलावून घेतले, दारं लावली आणि हुकूम वाचून दाखवला: जमीन, घरं, गुरं सरकारजमा, तुम्ही इथून हद्दपार. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांच्या आसपास माणसं जहाजांत भरून नेली. मागे घरं जाळली. कुणी मॅसॅच्युसेट्सला, कुणी मेरीलँडला. व्हर्जिनियानं तर आलेली माणसं ठेवून न घेता इंग्लंडला रवाना केली, तिथून ती फ्रान्सला गेली. त्यांतलीच काही १७८५ मध्ये सात जहाजांतून, सोळाशेच्या आसपास माणसं, लुइझियानाला पोचली. म्हणजे एका घरातल्या भावांची नातवंडं तीन देशांत, वेगवेगळ्या भाषांत. काही लब्लाँ, फ्रेंचमध्ये म्हणजे "पांढरे", पुढे इंग्रजीत व्हाइट होऊन बसले.

आता ही मोट परत बांधायची कशी? इथं मात्र काकांमधला इंजिनियर खुलायचा. पोर्ट रॉयल या दुसऱ्या अकेडियन गावच्या चर्चची १७०२ ते १७५५ ची नोंदवही शाबूत राहिली होती. ग्राँ-प्रेच्या वह्या हद्दपार झालेल्यांनी बरोबर नेल्या, त्या फिरत फिरत लुइझियानात पोचल्या आणि आज बॅटन रूजला आहेत. फ्रान्समधल्या बेल-ईल बेटावर १७६५ मध्ये ७८ अकेडियन कुटुंबं वसवली. त्यांच्याकडे पुरावा म्हणून काही नव्हतं, तेव्हा १७६७ मध्ये एकेका कुटुंबप्रमुखाला शपथेवर बसवून तोंडी वंशावळ लिहून घेतली. लोकांनी अगदी पहिल्या आलेल्या पूर्वजापर्यंत नावं सांगितली. चिऊ, आपल्याला पणजोबांच्या वर किती येतात?

शिवाय पाद्री लग्न लावताना नवरा-नवरी जवळच्या नात्यातले असले तर सूट दिल्याची नोंद करत. आपल्याकडे गोत्र विचारतात, ते पायऱ्या मोजत. तिसऱ्या पायरीची सूट, म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. तीन बाजू माहीत असल्या की चौथी गणितानं निघते, असं म्हणत ते माझ्यासमोर कागद सरकवायचे. तो कागद म्हणजे चक्क इंजिनियरिंग ड्रॉइंग. उजव्या कोपऱ्यात खाली चौकट, तीत तारीख आणि कितवी सुधारणा. पुरावा असलेलं नातं अखंड रेषेनं, अंदाजाचं तुटक रेषेनं. त्यांच्या आईच्या बाजूला अगदी वर एक चौकट होती, तीत फक्त "मारी" आणि पुढे कोरी जागा. दुसऱ्या लोकांच्या वंशावळीत तिथं झोकात आडनाव लिहिलेलं असायचं, एकानं दुसऱ्याचं उतरवलेलं. काकांनी शेवटपर्यंत ते घेतलं नाही. भावांशी त्यावरून भांडणं झाली.

मला त्या ड्रॉइंगमध्ये दुसरंच काहीतरी दिसायचं. त्यांच्याकडे नोंदीत बाईचं माहेरचं आडनाव तसंच राहतं, लग्न झालं तरी. त्यामुळे आईच्या आईच्या आईला धरून वर चढता येतं. १६७१ च्या पहिल्या जनगणनेत तर एक झणझणीत बाई सापडते. पाद्री घरोघर फिरून वय, गुरं, जमीन टिपत होता. मेलान्सों नावाच्या शिंप्यानं काही सांगायला साफ नकार दिला, आणि त्याची बायको पाद्र्याला म्हणाली, असल्या गोष्टींसाठी गल्लोगल्ली फिरायला तुम्हाला वेड लागलंय का! पाद्र्यानं ते तसंच्या तसं लिहून ठेवलं. काका ही गोष्ट दर पार्टीत सांगायचे.

एकदा त्यांनी मला माझी बाजू काढायला बसवलं. बाबांकडची नावं भराभर आली, कारण नाशिकला उपाध्यांच्या वहीत आहेत. सगळी पुरुषांची. आईकडे वळले आणि दोन चौकटींत गाडी थांबली. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला येत नव्हतं. तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेच सगळ्यांना ठाऊक. आडनाव तर बदललंच. काकांना वाटलं मी थट्टा करतेय. "दोन्ही नावं? एकाच दिवशी?" मग त्यांनी पेन्सिल घेऊन तुटक रेषेची चौकट काढली आणि आत काही लिहिलं नाही.

त्यांचे कागद आता त्यांच्या मुली माँक्टनच्या विद्यापीठातल्या अकेडियन अध्ययन केंद्राला द्यायचं म्हणताहेत. ते बरं होईल. माझी ती एक चौकट मात्र मला भरायची आहे.

तर काम असं. दिवाळीत पेणला जाशील तेव्हा मावशीआजींकडे एक अख्खी दुपार काढ. जेवणं झाल्यावर बस, आधी नको. थेट नाव विचारू नकोस. आजीला माहेराहून कोण न्यायला यायचं, बैलगाडी कुठल्या गावाची, पहिल्या बाळंतपणाला कुठं गेली, असं विचारत जा. रेकॉर्डिंग कर, पण वहीतही लिही आणि कुणी सांगितलं ते प्रत्येक ओळीपुढे टाक. मावशीआजींची खात्री नसली तर तुटक रेषा. आणि त्या नक्की म्हणतील, "तुला गं कशाला नसत्या चौकश्या?" म्हणाल्या, तर तेही तारीख घालून तसंच्या तसं लिहून घे.

बाबांचा आशीर्वाद. थंडी सुरू झालीय, स्वेटर न्यायला विसरू नकोस.

तुझी,
आई