बुनीच्या वहीत नसलेलं

प्रिय मिहीर,

तू कृती मागितलीस म्हणून बुनीची, बाबांच्या आईची, वही काढली. सफरचंदाच्या प्लचिंतेला, म्हणजे दोन थरांच्या त्या रोमानियन पाईला, तिने जेमतेम अर्धं पान दिलंय. डुकराची चरबी एक वाटी, स्मंतना (आंबट साय) एक ग्लास, दोन बलक, साखर चवीपुरती, आणि मैद्यापुढे लिहिलंय 'मावेल तितका'. ओव्हन किती तापवायचा, किती वेळ भाजायचं, काही नाही. नुसतं 'होईपर्यंत'. ही वही तिने कुणाला शिकवायला लिहिलीच नव्हती. स्वतःला आठवण राहावी म्हणून केलेली टिपणं आहेत ती. बाकीचं सगळं तिच्या हातात होतं.

आणि आता तिची बोटं मिटत नाहीत. सुरी कशीबशी धरते, पण मळणं, लाटणं सुटलं. म्हणून गेल्या शनिवारी मी मळायला उभी राहिले आणि ती खुर्ची ओढून ओट्याशी बसली. ती सांगेल तो प्रत्येक जिन्नस मी आधी वजनकाट्यावर ठेवला आणि मगच परातीत घातला. तिला ते अजिबात आवडलं नाही. "औषध करतेयस का?" म्हणाली. पण मी ऐकलं नाही. तू म्युनिकला, तुझ्याकडे ना तिचा तो जाड काचेचा ग्लास, ना तिची निळी वाटी. तिच्या हातातलं जेवढं कागदावर उतरेल तेवढं मला तुझ्यापर्यंत पोचवायचंय. तिच्या देखत करून घेतलं, तिला विचारून घेतलं, म्हणून मी हे खात्रीने लिहू शकते.

तर मैदा साधारण अर्धा किलो, चरबी किंवा लोणी 200 ग्रॅम, स्मंतना 200 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, दोन बलक, चिमूटभर मीठ, लिंबाची किसलेली साल. खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा. तो चमच्यातच व्हिनेगरचे थेंब टाकून फसफसवायचा आणि लगेच पिठात ओतायचा. खरं तर स्मंतना स्वतःच आंबट असल्यामुळे सोड्याचं काम तिच्यानेही होतं, पण बुनी व्हिनेगर घालते, तूही घाल. ट्रे 25 बाय 35 सेंटिमीटरचा धर. लहान ट्रेमध्ये थर जाड होतात आणि मधलं पीठ कच्चं राहतं.

आधी मैद्याला थंड चरबी चोळायची. आपण शंकरपाळ्यांना मोहन घालतो ना, तसंच. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने ढकलली की विस्कटली पाहिजे. मग बाकीचं. इथे तुझा स्वभाव आड येईल, म्हणून आधीच सांगते: तिंबू नकोस. पोळ्यांची कणीक जितकी मळू तितकी बरी, हे पीठ जितकं मळशील तितकं चिवट होतं. गोळा एकत्र आला की हात काढून घ्यायचा. मैदा किती 'मावला' हे ओळखायची बुनीची खूण एकच आहे. पीठ कानाच्या पाळीसारखं लागलं पाहिजे. शनिवारी माझा गोळा झाल्यावर तिने वाकड्या बोटाने तो दाबला, मग स्वतःच्या कानाची पाळी दाबली, परत गोळा दाबला आणि म्हणाली, अजून एक मूठ. ती मूठ भरली 40 ग्रॅम. वर लिहिलेल्या अर्ध्या किलोत ती धरलेली नाही, कारण ती दरवेळी लागेलच असं नाही. तुझी स्मंतना किती घट्ट आहे त्यावर ते आहे. मग गोळ्याचे दोन भाग कर, एक किंचित मोठा, आणि अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेव.

आता सफरचंदं. प्लचिंता बिघडते ती इथेच, आणि वहीत याला फक्त 'मेरे (म्हणजे सफरचंदं), किसून' एवढं स्थान आहे!

इथे रोमानियात, बिस्त्रित्साच्या आसपास सगळा सफरचंदांचाच मुलूख. तुला आठवत असेल, ऑक्टोबरात गावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला लोक पेट्या मांडून बसलेले असायचे. बुनी प्लचिंतेसाठी 'इओनातान' घेते, म्हणजे जोनाथन. लहान, गडद लाल, आंबटगोड. तिच्या माहेरच्या आवारात 'पतूल' नावाच्या जुन्या जातीचं झाड होतं, त्याची फळं तळघरात पेंढ्यावर पसरली की हिवाळाभर टिकायची. ती झाडं आता कमी दिसतात. तुझ्याकडे बोस्कोप मिळेल. ते चांगलं आंबट असतं, पाईला उत्तमच. ते नाही मिळालं तर जोनागोल्ड घे, ते जोनाथन आणि गोल्डन डेलिशसच्या संकरातूनच आलंय. नुसतं गोडमिट्ट सफरचंद मात्र घेऊ नकोस. त्याला भाजल्यावर काही चवच उरत नाही, फक्त साखर लागते.

दीड किलो सोलून मोठ्या भोकांच्या किसणीवर किस. लगेच अर्ध्या लिंबाचा रस पिळ. आता पसरट पातेलं, मध्यम आच, झाकण नाही. आधी साखर घालायची नाही. साखर पडली की फळ पाणी सोडतं आणि तू त्या पाण्यातच किस शिजवत बसतोस. तसाच कोरडा किस परतत राहा. आधी तो खळखळेल, मग वाफ कमी होईल, मग चमचा फिरवल्यावर पातेल्याचा तळ दिसेल आणि ती फट लगेच भरून येणार नाही. तिथवर थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, सफरचंदं रसाळ असली तर जास्त. मग साखर, 100 ग्रॅम पुरे, आंबट असतील तर 150. ती विरघळून पुन्हा तळ दिसला की गॅस बंद, आणि मगच दालचिनी, सपाट एक चहाचा चमचा. बुनी म्हणते, दालचिनी शिजवली की कडवट होते. मी एकदा वेलदोडा घालून केली होती. तिने मन लावून खाल्ली, ताटली पुसून खाल्ली आणि म्हणाली, "फार छान आहे. पण माझी म्हणून कुणाला देऊ नकोस."

किस पूर्ण गार होऊ दे. कोमट भरलास तरी खालच्या थरातली चरबी वितळते आणि तो थर भाजण्याऐवजी उकडतो. काहीजण वेळ वाचवायला कच्चाच किस पिळून भरतात. बुनीची बहीण तशी करते, तीही चांगली लागते, पण आपल्या घरची ती नाही.

ही चरबी आली कुठून, हेही तुला माहीत असायला हवं. बाबांनी तुला कधी नीट सांगितलं नसेल, त्यांना त्या दिवसांबद्दल बोलायला नकोच वाटतं. इथला हुकूमशहा चाउशेस्कू, त्याने परदेशी कर्ज फेडायचं ठरवलं आणि 1980च्या दशकात देशातलं खाणंपिणं बाहेर विकायला काढलं. इथे साखर, तेल, मैदा कार्डावर. लोण्याच्या रांगेत बाबा शाळा सुटल्यावर उभे राहायचे, कधी मिळायचं, कधी नाही. हिवाळ्यात गॅसचा दाब इतका कमी की दिवसा भात शिजायचा नाही, ओव्हन तर सोडाच. मध्यरात्रीनंतर लोकांचा वापर थांबला की दाब वाढायचा. बुनी घड्याळाचा गजर लावून उठायची आणि रात्री दोनला प्लचिंता भाजायची. घरात कोट घालून. सकाळी बाबा उठायचे तेव्हा ती ओट्यावर फडक्याखाली असायची.

चरबी मात्र असायची, कारण ती दुकानातून यायचीच नाही. गावी तिच्या आईवडिलांकडे डुक्कर पाळलेलं असे आणि 20 डिसेंबरला, संत इग्नातच्या दिवशी, ते कापलं जाई. चरबी कढवून मातीच्या भांड्यांत भरली की वर्षभर पुरे. साखर कमी म्हणून सफरचंदं जास्त परतायची, त्यांचा स्वतःचा गोडवा दाट होईपर्यंत. आज मी तुला जे 'आधी साखर नको' म्हणून सांगतेय ते बुनीला त्या टंचाईनेच शिकवलं. 1989च्या डिसेंबरात चाउशेस्कूची सत्ता गेली, सगळं पालटलं, पुढे दुकानात लोणी आलं, साखर हवी तेवढी मिळू लागली. तिने मात्र चरबी सोडली नाही आणि साखरही वाढवली नाही. मला विचारशील तर तिचं बरोबर आहे. चरबीने जो खुसखुशीतपणा येतो तो लोण्याने येत नाही. लोण्याला वास चांगला असतो, एवढंच.

आता तू म्हणशील, नाशिकच्या आजीच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं आणि ही मला चरबीचे गुण सांगतेय. बरोबर आहे. मलाही वेळ लागला. पण आजी इथे आली तेव्हाचं सांगते, तू खूप लहान होतास. मी बुनीला काही सांगायच्या आत तिने उपासाची प्लचिंता करून ठेवली होती. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक नाताळाआधी 15 नोव्हेंबरपासून 24 डिसेंबरपर्यंत उपास धरतात. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणीही नाही. त्या दिवसांसाठी प्रत्येक घरात एक वेगळी कृती असतेच. अर्धा किलो मैदा, 150 मिलिलिटर सूर्यफुलाचं तेल, तेवढंच फसफसणारं मिनरल वॉटर, थोडी साखर, मीठ, बेकिंग पावडरचं एक पाकीट. पाणी बोर्सेक गावच्या झऱ्याचं, थंडगार, बाटली उघडल्या उघडल्या ओतायचं. हे पीठ लाटायला जरा हट्टी असतं, पण भाजल्यावर पापुद्रा सुटतो. आजीला रोमानियन येत नव्हतं, बुनीला मराठी. आजीने दुसरा तुकडा मागून घेतला आणि बुनीच्या हातावर हात ठेवला. त्यानंतर आजी दर फोनवर 'विहीणबाईंना विचारलंय म्हणून सांग' म्हणायची, शेवटपर्यंत. तुझा तो शाकाहारी फ्लॅटमेट आहे ना, त्याच्यासाठी हीच कर, त्याला वगळून खाऊ नकोस.

भाजणं सोपं आहे. दोन्ही गोळे बेकिंग पेपरवर लाट, म्हणजे उचलताना फाटणार नाहीत. मोठा गोळा खाली, ट्रेच्या कडांना थोडा वर चढलेला. त्यावर तीन चमचे बारीक रवा भुरभुर. सफरचंदाचं उरलंसुरलं पाणी तो पितो. इथे काहीजण पावाचा चुरा घालतात. बुनी रवाच घालते, आणि पहिल्यांदा तिच्या कपाटात रव्याचा डबा बघून मला केवढा धीर आला होता! मग किस सारखा पसर, वर दुसरा थर, काट्याने सगळीकडे टोचे मार म्हणजे वाफ निघून जाईल. ओव्हन 180 अंश, आधी तापवलेला, ट्रे मधल्या कप्प्याच्या एक खाली, 40 ते 45 मिनिटं. वरून फिकट सोनेरी झाली तरी काढायची घाई करू नकोस, कडा ट्रेपासून सुटलेल्या दिसल्या पाहिजेत. कोमट असताना व्हॅनिलाची पिठीसाखर गाळणीने भुरभुर.

आणि मग तिला हात लावू नकोस. मला माहीत आहे तू लावशील, बाबाही लावतात. बुनीची म्हण तुला पाठ आहेच, प्लचिंतेला पुढे, लढाईला मागे. पण निदान अर्धी दुसऱ्या दिवसासाठी ठेव. रात्रभरात थर सफरचंदाचा ओलावा धरतात, मऊ पडतात, आणि चौकोन कापले की चुरा होत नाही. बुनी पाहुण्यांना कधीच त्याच दिवशीची देत नाही.

सामानाचं लक्षात ठेव. तिकडच्या दुकानात स्मंतनेऐवजी 'श्मांट' ही घट्ट आंबट साय घे, 'झाउरं झाने' नको, ती पातळ पडते आणि मैदा जास्त ओढते. चरबी घेताना डबा वाचून घे, कांदा आणि कुरकुरीत तुकडे घातलेलीही मिळते, ती पावाला लावायची. मैदा 405 नंबरचा. दालचिनी, व्हॅनिलाच्या साखरेची पाकिटं आणि बुनीचा जुना काटा पार्सलमध्ये घातलाय. काटा तिनेच दिला, टोचे मारायला.

पहिली झाली की फोटो पाठव, पण वरचा नको. एक चौकोन उलटा कर आणि तळाचा पाठव. तळ कोरडा आणि तपकिरी असला तर सगळं जमलं. पांढरा, ओला असला तर सफरचंदं कमी परतलीस किंवा ट्रे वर ठेवलास, ते बुनी बघून सांगेल. ती आत्ताच विचारतेय की रविवारी करणार आहेस की त्याच्या पुढच्या. मी रविवार सांगितलाय.

तुझी,
आई