माझ्या नोकरीसाठी जमीन विकू नका

पुणे,
2 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, भाऊबीजेच्या रात्री तुम्ही विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा विकण्याचा विषय काढलात आणि पैसे दिल्यास ओळखीच्या एका गृहस्थांमार्फत एका शिक्षणसंस्थेत माझ्यासाठी शिक्षिकेची जागा होण्यासारखी आहे, असे सांगितलेत. घरात पाहुणे होते म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेऊ नये. हा विषय फोनवर अर्धवट राहील, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझी विनंती आधीच सांगून टाकते. माझ्या नोकरीसाठी जमीन विकू नका, कर्ज काढू नका आणि त्या गृहस्थांना विसार म्हणूनही एक रुपया देऊ नका.

हे तुम्ही केवढ्या मायेने बोललात ते मला कळते. यंदा सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन शेतातच कुजले, रानात वाफसा नाही म्हणून ज्वारीची पेरणी लांबली, आणि अशा वर्षातही तुम्हाला काळजी लागून राहिली ती माझी. बार्शीच्या बाजारात कोणी ‘लेकीचं काय झालं?’ असे विचारले की तुम्ही विषय बदलता, हे आईने मला सांगितले आहे. एवढे शिकवून लेक अजून घरातल्यांच्या आधारावर आहे, असे लोक म्हणतात याचे तुम्हाला वाईट वाटते, मलाही वाटते. पण जो उपाय तुमच्यापुढे ठेवला गेला आहे, त्याने हे दुःख मिटणार नाही, उलट त्यात जमीनही जाईल. असे मी का म्हणते, ते नीट मांडते.

अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार संस्था आपल्या खिशातून देत नाही, तो शासनाकडून येतो. त्यासाठी आधी संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, ते पद असावे लागते, आणि संचमान्यता ठरते पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर. पट घसरला की पद जाते. पद असले तरी बिंदूनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीप्रमाणे, ते ज्या प्रवर्गाचे असेल त्याच प्रवर्गाचा उमेदवार घ्यावा लागतो, त्याच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते आणि त्यानंतर शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन पगारप्रणालीतला क्रमांक मिळाला, तरच त्याचे नाव पगारपत्रकात चढते. 2017 पासून या जागा पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळामार्फत भरण्याची पद्धत आली आहे. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ही केवळ पात्रतेची. निवड होते ती टेटच्या, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या 200 पैकी मिळालेल्या गुणांवर. एखाद्या संस्थेला मुलाखत घेऊन निवड करायची असली, तरी मुलाखतीला कोण येणार ती नावे पोर्टलवरूनच येतात. अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण तुम्ही सांगितलेली संस्था त्यात मोडत नाही. मग पोर्टलवर जिची जाहिरातच नाही, ती जागा हे गृहस्थ कशाच्या बळावर देऊ करतात, हे तुम्हीच त्यांना विचारून पाहा.

अशा वाटेने लागलेली माणसे मी येथे पाहिली आहेत, बाबा. पैसे आधी जातात, हातात संस्थेच्या शिक्क्याचा नेमणुकीचा कागद येतो, शाळेत तासही मिळतात. पण मान्यतेचा प्रस्ताव कार्यालयातून त्रुटी काढून परत येत राहतो आणि माणूस वर्षामागून वर्षे बिनपगारी शिकवत राहतो. मधेच सोडून जावे तर दिलेले पैसे बुडतात, तक्रार करावी तर पैसे दिल्याचा कागद नसतो. यंदाच नागपूर विभागातले बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यात अधिकाऱ्यांना अटक झाली, हे तुम्ही बातम्यांत पाहिले असेल. जुलैत आझाद मैदानावर पावसात बसलेले शिक्षकही तुम्ही टीव्हीवर पाहिलेत. त्यांनी पैसे दिले होते असे मी मुळीच म्हणत नाही. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांत त्यांनी उमेदीची वर्षे घातली आणि अनुदानाच्या 20 टक्क्यांच्या पुढच्या टप्प्यासाठी त्यांना चिखलात बसावे लागले. रीतसर लागलेल्यांची ही अवस्था असेल, तर आडवाटेने गेलेल्यांना कोण विचारणार?

आणि समजा, सगळे सुरळीत झाले, तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर, काढावी लागतात. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन आज महिना 18,000 रुपये आहे. 2023 पूर्वी ते 8,000 होते. त्या गृहस्थांनी जो आकडा तुमच्या कानावर घातला आहे, तो या मानधनातून किती वर्षांत फिटेल याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल.

काकूंनी जाता जाता मला विचारले होते की बी.एड. आहे तर गावाजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गावर का लागत नाहीस. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालापासून पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, त्याला डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते; एवढे त्यांना सांगावे. मला सहावीपासून पुढचेच वर्ग मिळू शकतात.

आता आलेल्या नकारांविषयी. तुम्ही विचारता तेव्हा मी ‘बघू, होईल’ एवढेच म्हणते, त्यामुळे तुम्हाला वाटत असावे की माझ्यातच काही कमी आहे आणि ते पैशाने भरून काढले पाहिजे. म्हणून आज सांगते. पुष्कळशा ठिकाणांहून नकारसुद्धा येत नाही. अर्ज घेतात, मूळ कागदपत्रे पाहतात, ‘कळवू’ म्हणतात आणि काहीच कळवत नाहीत. जूनमध्ये त्या शाळेवरून जाताना कळते की आत कोणीतरी शिकवू लागले आहे. पहिल्या वर्षी या न कळवण्याचा मला फार त्रास झाला. रात्री झोप लागत नसे, आणि सकाळी उठून दुसरा अर्ज लिहायला घेतला की आपण कोणाच्या तरी दारात उगाच उभे आहोत असे वाटे.

एका शाळेचा अनुभव मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवा. तेथे मला आठवीचा ‘परिमेय संख्या’ हा पाठ घ्यायला सांगितले होते. मी दोन रात्री बसून टाचण काढले, संख्यारेषा दाखवण्यासाठी दोरी आणि रंगीत चिमटे नेले. वर्गात गेले तर मुले नव्हती. पुढच्या बाकांवर संस्थेचे पदाधिकारी बसले होते. मी रिकाम्या बाकांना प्रश्न विचारले, उत्तरेही मीच दिली, आणि दोरीवर उणे दोन तृतीयांशाचा चिमटा लावत होते तेवढ्यात एकांनी ‘पुरे’ म्हणून थांबवले. त्यानंतर गणितावर एकही प्रश्न आला नाही. लग्न ठरले आहे का, सासर कोठे असेल आणि संस्थेच्या इमारत निधीला घरचे काय मदत करू शकतील, एवढे तीनच प्रश्न होते. मी तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर दिले आणि चिमटे गोळा करून निघाले. बाबा, तुमचे ते गृहस्थ ज्या संस्थेविषयी बोलत आहेत ती ही नव्हे, पण प्रश्न तोच आहे, आणि माझे उत्तरही तेच राहील.

इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेने माझे शिक्षण मराठीतून झाले एवढ्यावरच मला बाजूला ठेवले. त्याचे दुःख अजून जात नाही, कारण तेथे पाठ घेण्याची वेळच आली नाही. पण एक नकार मला मनापासून पटला, तोही लिहिते. त्या शाळेत उमेदवारांनी एकमेकांचे पाठ मागे बसून पाहावेत अशी पद्धत होती, आणि समोर खरोखरची मुले होती. माझ्यानंतरच्या ताईंनी दाब शिकवताना एका मुलाच्या तळहातावर पेन्सिल आधी बोथट बाजूने आणि मग टोकाने टेकवली, ‘जोर मी तेवढाच दिला, मग आता का टोचलं?’ असे विचारले आणि वर्गाला बोलू दिले. मुले भांडली, चुकली, शेवटी क्षेत्रफळापर्यंत स्वतः पोहोचली, आणि तोपर्यंत त्या ताईंनी फळ्यावर एक अक्षरही लिहिले नव्हते. त्यांची निवड झाली तेव्हा मला वाईट वाटले नाही, उलट हायसे वाटले की असेही कोठे तरी होते. परत येताना बसमध्ये मी तो पाठ आठवेल तसा वहीत उतरवून घेतला आणि आजही तो वापरते. सगळ्या नकारांना मी एकाच मापाने मोजत बसले असते तर हे मला दिसले नसते; गुणांवर झालेली हार मी सोसू शकते आणि तिच्यातून काही घेऊही शकते. पैसे देऊन मिळालेल्या जागेवर मात्र मी त्या ताईंसारख्या कोणाला तरी उठवून बसलेली असेन, हे मला रोज वर्गात शिरताना आठवेल.

तासिका तत्त्वावर मी रात्रशाळेत शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. पण तेथे काय चालते ते मी कधी सांगितले नाही. आठवी ते दहावीचे वर्ग, संध्याकाळी साडेसहाला शाळा भरते. दिवसभर गॅरेजात, किराणा दुकानात, मार्केट यार्डात राबलेली मुले असतात; काही माझ्याहून वयाने मोठी आहेत आणि तरीही मला ‘मॅडम’ म्हणून उठून उभी राहतात. एक मुलगा मंडईत भाजीच्या गाळ्यावर असतो. त्याला मी फळ्यावर तीन चतुर्थांश गुणिले चाळीस घातले तेव्हा त्याने मान खाली घातली. मी विचारले, ‘वांगी चाळीस रुपये किलो, पाऊण किलोचे किती?’ तो क्षणात ‘तीस’ म्हणाला. मग त्याने तीस कसे काढले ते त्यालाच फळ्यावर मांडायला लावले. त्याने आधी अर्ध्या किलोचे वीस लिहिले, खाली पावशेराचे दहा लिहिले, बेरीज केली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मॅडम, हे तर मी रोज करतो.’ त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर बसतो. तासिकेचे पैसे थोडे असतात आणि वेळेवर येत नाहीत हे खरे. सकाळच्या शिकवण्यांवर माझे भाडे आणि जेवण निघते. पण मी बिनकामाची बसले आहे असे कोणी म्हणाले, तर हा मुलगा मला आठवतो.

पुढचे काय, ते तुम्हाला स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. 2023 च्या टेटमध्ये माझे गुण माझ्या प्रवर्गाच्या कट-ऑफखाली राहिले. या वर्षी मे-जूनमध्ये पुन्हा झालेल्या टेटमध्ये गुण सुधारले आहेत. राज्यभरातून दोन लाखांहून अधिक उमेदवार या परीक्षेला बसतात, त्यामुळे निवड होईलच असे वचन मी देऊ शकत नाही. पण गणित-विज्ञानाच्या जागांवर मला आशा ठेवण्यास जागा आहे, हे मी विचार करून लिहीत आहे. जाहिराती आल्या की प्राधान्यक्रमात मी सोलापूर, धाराशिवबरोबर गडचिरोली आणि नंदुरबारही भरणार आहे. आई, हे वाचून तू घाबरू नकोस. जेथे शिक्षक जायला तयार नसतात तेथे जागा असतात, आणि मुलेही असतातच. आणि स्थळांविषयी तू जे म्हणालीस त्यावर माझे म्हणणे एवढेच, की जे घर माझ्या नोकरीच्या गावी मला जाऊ देईल त्या घराविषयी बोलू. नोकरी नाही म्हणून आता उरकून घ्यायचे, असे नको.

एक गोष्ट तुम्हाला ऐकून बरे वाटेल. 1 सप्टेंबरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही आता टीईटी द्यावी लागणार आहे. आपल्या गावच्या शाळेतील गुरुजींनी, ज्यांनी मला पाढे शिकवले, मला फोन करून पेपर दोनच्या गणिताची टिपणे मागितली. मी ती लगेच पाठवली. ते 23 तारखेच्या परीक्षेला बसत आहेत. त्यांच्याकडे सहज चक्कर मारावी आणि काही अडते आहे का ते विचारावे. वयाच्या या टप्प्यावर पुन्हा परीक्षेचे टेबल लावून बसणे सोपे नाही.

बाबा, पैसे न देता माझ्यासाठी करण्यासारखे एक काम आहे आणि ते तुम्हीच करू शकता. आरक्षणाच्या लाभासाठी लागणाऱ्या माझ्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत येत्या 31 मार्चला संपते. त्याच्या नूतनीकरणासाठी उत्पन्नाचा दाखला लागेल. तलाठ्यांकडून अहवाल घेऊन सेतू केंद्रात अर्ज करावा लागतो आणि पिकाच्या नुकसानीच्या पंचनाम्यांमुळे सध्या तेथे गर्दी आहे, म्हणून आतापासून मागे लागावे. सातबारा आणि आठ-अ यांच्या ताज्या प्रतीही सोबत काढून ठेवाव्यात. कागदपत्र पडताळणीत एका दाखल्याच्या तारखेवरून उमेदवार बाद होतात. आणि सातबाऱ्यावर विहिरीजवळचा गट तुमच्या नावावर तसाच राहू द्या.

आईच्या गुडघ्याचे तेल संपले असेल, पुढच्या आठवड्यात येणाऱ्या शेजारच्या दादाबरोबर पाठवते. ज्वारीची पेरणी झाली की कळवावे.

तुमची लाडकी लेक