बी विंगमधल्या वहिनींना, ‘हायब्रिड नका घेऊ’ म्हणाल्याबद्दल

सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय, म्हणून नुसतं ‘वहिनी’. पत्र मात्र उघड लिहितोय, कारण आपल्या सोसायटीतच चार-पाच घरं याच प्रश्नावर अडकली आहेत: पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड एसयूव्हीसाठी वरचे पैसे मोजावेत की नाही.

ज्याच्याकडे जी गाडी, त्याला तीच जगात भारी वाटते. सल्ला विचारला की माणसं आपलीच निवड आपल्याला पुन्हा विकतात. ऑफिसातल्या डिझेलवाल्याने डिझेल सांगितलं, इलेक्ट्रिकवाल्याने इलेक्ट्रिक. तुमच्याकडे स्वतःची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही चालणारी, आणि तीही तुम्हाला मनापासून आवडणारी. तरी तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “भावजी, तुम्ही नका घेऊ. मी घेतली ते ठीक आहे.” आभार मुख्यतः या वाक्याचे आहेत. पण ते वाक्य ज्या हिशेबातून आलं, तोही इथे मांडतो. इतरांच्या कामाचा आहे.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा होता, 27.97. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणींच्या स्ट्राँग हायब्रिडचं हे एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचं मायलेज. त्याच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकचं 20.58. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर लगेच गणित केलंत: वर्षाला 10,000 किलोमीटर, पेट्रोल 104 रुपये लिटर. एकीला 486 लिटर लागतं, दुसरीला 358. वर्षाची बचत साधारण 13,300 रुपये. कंपनीचा आकडा जसाच्या तसा खरा मानला तरी एवढीच! ब्रोशरवर सात-साडेसात किलोमीटरचा फरक केवढा मोठा दिसतो, आणि रुपयांत उतरवला की महिन्याला अकराशे.

मग तुम्ही म्हणालात की हाही आकडा खरा नाही, खरा तुमच्या रस्त्यावर ठरतो. इथून पुढे तुम्ही जे समजावलंत ते मला एकाही शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

साध्या गाडीचं मायलेज हायवेला वाढतं आणि गर्दीत पडतं. तुमच्या गाडीचं तसं नाही. हिंजवडीच्या वाटेवर वाकडच्या आसपास गाड्या गोगलगायीसारख्या सरकतात, तिथे तुमचं इंजिन बहुतेक वेळ बंद असतं. गाडी मोटरवर सरकते, आणि ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत जाते. हायवेला 90-100 च्या स्थिर वेगात ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार? तिथे सगळा भार त्या दीड लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनावर. बॅटरी तरी किती, तर 0.76 किलोवॉट-तासांची. मध्यम इलेक्ट्रिक कारमध्ये 30-40 किलोवॉट-तासांची असते. म्हणजे ही साठवणीची कोठी नव्हेच, आता घेतलं आणि पुढच्या सिग्नलला दिलं एवढाच तिचा व्यवहार.

तुमची पेट्रोलची वही हा तर खजिनाच आहे. स्क्रीनवरचं मायलेज न धरता टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, पंप शक्यतो तोच. शहरात तुम्हाला 21 च्या आसपास पडतं. हायवेला 22. म्हणजे जवळजवळ सारखंच! एप्रिल-मे महिन्यांत आकडा खाली येतो, कारण एसी बॅटरी खातो आणि ती भरायला इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होतं. आणि एक नोंद मला फार आवडली, ‘माहेरी आले, गाडी फक्त भाजी-दवाखाना, अ‍ॅव्हरेज वाईट.’ दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापेपर्यंतच घर येतं, त्यामुळे हायब्रिडचा खरा फायदा सुरूच होत नाही.

आता माझं चित्र. आठवड्याचे बरेच दिवस मी घरून काम करतो. शहरातलं फिरणं म्हणजे कोथरूडमधल्या कोथरूडमध्ये, तेही असंच तुकड्या-तुकड्यांचं. खरे किलोमीटर पडतात ते वाईच्या रस्त्यावर, आई-बाबांकडे. तुम्ही विभागणी केलीत: 3,000 शहरात, 7,000 हायवेला. पेट्रोल ऑटोमॅटिकला शहरात 13 आणि हायवेला 18 धरलंत, हायब्रिडला तुमच्या वहीतले आकडे. वर्षाला 159 लिटरची बचत, म्हणजे साधारण 16,500 रुपये.

आणि खर्चाची बाजू? आम्ही एक्स-शोरूम फरक बघत होतो, सारख्या सोयींचं मॉडेल धरून अडीच लाखांचा. तुम्ही कोटेशन पुढे ओढलंत. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रस्ता कर आहे, आमच्या कोटेशनात हायब्रिडलाही तोच दर लावलेला. अडीच लाखांवर 30,000 तिथेच गेले. विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीप्रमाणे, तोही वाढला. ऑन-रोड फरक तीन लाखांच्या घरात. शिवाय हे तीन लाख आमच्या खिशातले नव्हते, बँकेचे होते. 9 टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर त्यावर 73,000 च्या वर व्याज. व्याज बाजूला ठेवलं तरी माझे पैसे वसूल व्हायला 18 वर्षं. गाडीची नोंदणी 15 वर्षांची! यावर आपण दोघंही हसलो होतो.

कराचं म्हणाल तर सरकारनेही हायब्रिडला फारसं झुकतं माप दिलेलं नाही. आधी या आकाराच्या स्ट्राँग हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून 43 टक्के आणि तशाच पेट्रोल गाडीवर 45 टक्के लागायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून दोघींना सरसकट 40. इलेक्ट्रिक मात्र 5 वरच. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तिथल्या माणसाचं गणित त्यामुळे पार बदललं. लखनौच्या माणसाचे हायब्रिडबद्दलचे व्हिडिओ पाहून पुण्यात निर्णय घेऊ नये, हे तुमचं म्हणणं मी आता सगळ्यांना ऐकवतो.

सगळ्यात पटलं ते हे की तुम्ही स्वतःच्या गाडीलाही सोडलं नाहीत. तुमचं वर्षाचं 12,000 किलोमीटर फिरणं जवळजवळ सगळं गर्दीतलं. वर्षाला 352 लिटर, साधारण 36,600 रुपये वाचतात. तरी तीन लाख फिटायला आठ वर्षं लागणार. “म्हणजे माझेही अजून वसूल झालेले नाहीत, आणि मी त्यासाठी घेतलीही नाही,” असं म्हणून तुम्ही वहीत वेगळा रकाना आखलात: ‘सुख’. संध्याकाळी थकून येताना गाडी आवाज न करता सरकते, धक्का नाही, गिअरची कुरकुर नाही, त्याचे पैसे तुम्ही राजीखुशीने मोजलेत. फक्त ते पेट्रोलच्या रकान्यात घुसडायचे नाहीत, एवढाच तुमचा आग्रह. आमच्या घरी आता वॉशिंग मशीनचं बोलणं निघालं तरी बायको विचारते, हा कुठला रकाना?

रविवारी तुम्ही किल्ली हातात दिलीत हे तर फारच झालं. शोरूमची चक्कर म्हणजे उड्डाणपुलाखालून वळून परत. तुम्ही म्हणालात, तुमच्या रस्त्यावर चालवून बघा, आई-बाबांना घेऊन बघा. खेड-शिवापूरपर्यंत गाडीने आम्हाला पुरतं जिंकलं होतं. खंबाटकी चढताना मात्र बॅटरी बघता बघता उतरली आणि इंजिनाने सूर लावला. या गाडीत नेहमीसारखे गिअर नसल्याने इंजिन वरच्या आवाजात अडकून राहतं आणि वेग आपल्या चालीने वाढतो. चढ ती व्यवस्थित चढते, तक्रार नाही, पण शहरातली ती शांत बाई इथे वेगळीच भासली. उतारावर बॅटरी पटकन भरली, तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे गिअरच्या दांडीवरचं ‘बी’ टाकलं आणि इंजिनाने गाडी धरून ठेवली.

निर्णय मात्र डिकीने केला. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी मागे बसते, म्हणून डिकी 265 लिटरची. साध्या पेट्रोलमध्ये 373. बाबांचा वॉकर, दोन बॅगा, आणि वाईहून निघताना आई जे भरते ते: हळद, तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, शेजाऱ्यांचं पार्सल. वॉकर शेवटी बायकोच्या पायाशी आला. सीएनजीचाही विचार होता, पण तिथे टाकीच डिकीत असते, तेव्हा तो तिथेच बाद झाला.

आम्ही पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. तिलाही कंपनी ‘स्मार्ट हायब्रिड’च म्हणते, पण तिची छोटी मोटर इंजिनाला हात देते, एकटीने चाकं फिरवत नाही. सेल्समन दोन्हींना हायब्रिड म्हणत होता, तेव्हा इतरांनीही नेमकी कुठली हायब्रिड ते विचारून घ्यावं, बुकिंगच्या आधी. गाडी वाकडला अडकली की तुमची आठवण येते हे खरं. तशी अडकते क्वचित, म्हणून निभावतं. कर्ज तीन लाखांनी कमी झालं. वाईच्या घराचं छप्पर या पावसाळ्याआधी बदलून घेतोय, बाबांनी त्याचं श्रेय परस्पर तुम्हाला देऊन टाकलंय.

जुन्या हायब्रिडच्या बॅटरीचं पुढे काय होतं, ही धास्ती अनेकांना असते. कंपनीची बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी आहे. तुमची वही त्यापुढेही चालू ठेवा, ही विनंती. विकायची वेळ आली तर तेव्हाचा भावही तीत लिहा. माझ्या हिशेबात तो धरलेला नाही; हायब्रिडला जुन्या बाजारात जास्त मिळाले तर 18 वर्षांचा आकडा थोडा खाली येईल.

वही तुमच्या दाराच्या पिशवीत ठेवतोय, सोबत वाईची हळद. मागच्या पानांचे फोटो काढून ठेवलेत, रागावू नका. आणि सी विंगमध्ये नवीन राहायला आलेल्या जोडप्याला तुमच्याकडे पाठवलंय. दोघंही रोज एकाच गाडीने मगरपट्ट्याला जातात, सकाळ-संध्याकाळ भर गर्दीत, आणि सामान म्हणजे दोन लॅपटॉप. त्यांना तुम्ही बहुतेक ‘घ्या’ म्हणाल.

आपला,
ए विंगमधला भावजी